कोपरापासून मनगटापर्यंत आठ सेकंद

पत्र : "मी ३६ वर्षांची आहे. अंबाजोगाईजवळच्या गावात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मिस्टरांचं कृषी सेवा केंद्र आहे. दोन लेकरं, सासूबाई सोबत. घरात भांडण नाही, जाच नाही. पण दोन-तीन वर्षं झाली, मला कशाचंच काही वाटेना. आंघोळ झाली हे टॉवेल हातात आल्यावर कळतं. भाजीत मीठ नव्हतं हे दुसऱ्यानं सांगावं लागतं. मिस्टर जवळ आले की अंग लाकडासारखं पडून राहतं आणि डोक्यात उद्याचे डबे चालू. त्यांना वाटतं, मला ते नकोसे झालेत. तसं नाही. मोबाइलवर बघून 'बॉडी स्कॅन' करून पाहिलं, पोटरीपर्यंत पोचायच्या आत घोरायला लागते. माझ्यात काही बिघाड झालाय का? आणि घरात एवढी माणसं असताना असलं काही करायचं तरी कसं? सासूबाईंना काय सांगायचं?"

ताई,

हे वाचता वाचता डाव्या पायातल्या जोडव्याकडे लक्ष न्या. बोट हलवू नका, नुसतं लक्ष. दोन-तीन सेकंदांत त्याची गोलाई, शेजारच्या बोटाला लागणारी कड, खालचा जरासा घाम कळायला लागेल. जोडवं लग्नापासून तिथंच आहे. ते कळत नव्हतं, कारण सतत एकसारख्या राहणाऱ्या स्पर्शाची वर्दी मज्जातंतू थोड्या वेळाने द्यायचीच थांबवतात, आणि जी थोडीफार पोचते ती मेंदू बाजूला सारतो. असं नसतं तर अंगावरच्या कपड्यांनीच माणूस हैराण झाला असता. तुमच्याकडे झालंय ते एवढंच, की जोडव्याचा नियम आता पाणी, भाजी आणि नवरा या तिघांनाही लागू झाला आहे.

टॉवेल मात्र कळतो, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे कातडी शाबूत आहे.

तरी 'बिघाड आहे का' याचं उत्तर आधी डॉक्टरांकडून घ्या, मग बाकीचं करा. हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच आणि रक्तातली साखर, या तीन तपासण्या तालुक्याच्या ठिकाणी होतात. रक्त कमी असेल किंवा थायरॉइड मंदावलं असेल तर थकवा आणि निरिच्छपणा यांना कितीही ध्यान केलं तरी उतार पडत नाही. तळपायांना बधिरपणा किंवा मुंग्या असतील तर साखर आणि बी-१२ बघायलाच हवं. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी इच्छा आणि जाणीव दोन्ही बोथट होतात. तशी गोळी चालू असेल तर मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगून बदलून घेता येते. करोनानंतर वास पूर्ण परतलाच नसेल तर भाजीचं कोडं तिथंच सुटेल. आपल्या बीड जिल्ह्यात ऐन तिशीत 'पिशवी काढलेल्या' बायका कमी नाहीत. त्यात बीजकोशही काढले असतील तर अंग कोरडं पडणं, जवळ येताना दुखणं हे हार्मोन कमी झाल्यामुळे होतं आणि त्यावर औषध असतं. संबंधाच्या वेळी दुखत असेल तर कारण काहीही असो, सोसत राहू नका. दुखण्याची धास्ती बसली की शरीर पुढच्या वेळी आधीच आखडून ठेवतं, आणि आखडलेल्या अंगाला दुखण्याखेरीज दुसरं काही कळत नाही.

आता सराव. क्रम असा ठेवलाय की पहिले पंधरा दिवस घरातल्या कुणाला काही कळणारही नाही.

आंघोळीपासून सुरुवात करा. या विषयावर इंटरनेटवर जे सल्ले असतात त्यात टब, फेस आणि मेणबत्त्या असतात. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी लातूरनं प्यायलं, त्या भागात टबाच्या गोष्टी कुणी कुणाला सांगू नयेत. आपलं काम तीन तांब्यांत होतं. पाणी अंगापेक्षा थोडंसंच गरम, ३८ ते ४० अंश. थर्मामीटर लागत नाही : उन्हाळा सोडून एरवी नळाचं पाणी २५ अंशांच्या आसपास असतं तेव्हा एक तांब्या उकळतं आणि चार तांबे साधं. थंडीत पाणी वीसवर आलं की एकास तीन. पहिला तांब्या डाव्या खांद्यावर, बारीक धारेने, दहा सेकंद पुरवून. पाण्याची कड कुठून कुठे जाते तिच्यामागे लक्ष न्यायचं : खांदा, दंडाची बाहेरची बाजू, कोपराशी फुटणारे दोन ओघळ, एक बोटांकडे आणि एक बरगडीवर. मग तांब्या खाली ठेवायचा आणि दोन श्वास नुसतं थांबायचं. ओल्या जागी हळूहळू गारवा चढतो, कारण पाणी उडून जाताना कातडीची ऊब घेऊन जातं. खरी गंमत त्या थांबण्यात आहे. ऊब संपून गारवा सुरू होतो त्या ठिकाणी जाणीव सगळ्यात टोकदार असते, कारण मज्जातंतूंना बदल कळतो, स्थिती कळत नाही. दुसरा तांब्या उजव्या खांद्यावर, तिसरा मानेच्या मागे. झालं. उरलेली आंघोळ नेहमीसारखी, डब्यांचा विचार करत केलीत तरी चालेल.

यात दोन गोष्टी बिघडतात. पाणी फार कडक घेतलं तर चटक्यापलीकडे काही कळत नाही, शिवाय बोअरच्या जड पाण्याने आधीच कोरडी पडलेली कातडी थंडीत उलते. दुसरं म्हणजे उत्साह. पहिल्या दिवशी बाया अख्खी आंघोळ लक्ष देऊन करतात, तिसऱ्या दिवशी शाळेला उशीर होतो, चौथ्या दिवशी सराव बंद. म्हणून तीनच तांबे, रोज. दीड मिनिटाच्या वर जात नाही.

जेवणाकडे येऊ. एकदा हे करून बघा : गुळाचा हरभऱ्याएवढा खडा घ्या, दोन बोटांनी नाक घट्ट दाबा, खडा जिभेवर ठेवून चावा. नुसतं गोड लागेल, साखर की गूळ ते सांगता येणार नाही. आता तोंड मिटून नाक सोडा. एका क्षणात गुऱ्हाळ आलं! आपण ज्याला चव म्हणतो त्यातलं बरंचसं घशामागून नाकात चढणारा वास असतो. जीभ गोड, आंबट, खारट, कडू आणि डाळीच्या आमटीत किंवा मटणाच्या रश्श्यात असते ती भरीव चव, एवढंच ओळखते. घाईघाईने गिळलं की वास वर चढायला वेळच मिळत नाही. म्हणून पहिले तीन घास असे खा : घास तोंडात, ओठ मिटलेले, वीस वेळा चावणं आणि गिळताना नाकाने श्वास बाहेर सोडणं. गिळल्यावर सोडलेल्या त्या श्वासात येसराच्या आमटीतले धने आणि खोबरं वेगवेगळे कळतात. चौथ्या घासापासून लेकरांच्या अभ्यासाचं बोला.

परदेशात हा सराव मनुक्यावर शिकवतात. आपल्याकडे पौष-माघात त्यासाठी हुरड्यासारखी चीज नाही. आगटीतून काढलेलं कणीस तळहातांत चोळताना आधी चटका, मग कोंड्याची कुसं, मग दाण्यांचा ओलसर गुळगुळीतपणा, आणि फुंकर मारली की हिरवा, दुधाळ, जरासा धुरकट वास. पाच दाणेच तोंडात टाका, मूठभर नको. दाढेखाली एकेक दाणा फुटतो तो मोजा. त्यानंतर जवसाच्या चटणीचं एक बोट, आणि परत पाच दाणे. दुसऱ्या वेळचे पाच दाणे जास्त गोड लागतात, कारण मध्ये तिखट आलं. जीभही सरावते. एकच एक खात राहिलं की चव विझत जाते, मध्ये दुसरं आलं की परत जागी होते. तोंडी लावणं या शब्दाला आपल्या बाया-माणसांनी फार डोकं लावलंय.

आता तुमचं घोरणं. बॉडी स्कॅन म्हणजे पायापासून डोक्यापर्यंत एकेका भागावर लक्ष फिरवणं. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात तणावावरचा जो आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला त्यात तो आडवं पडून, ४५ मिनिटांचा आहे. पहाटे पाचला उठणाऱ्या बाईने रात्री साडेदहाला अंथरुणात तो लावला तर ती झोपणारच, आणि झोपली तर बिघडलं काय? झोपेची थकबाकी आहे, ती आधी फेडा. सराव रात्री करूच नका. शाळेतून आल्यावर, चहा ठेवायच्या आधी, पाठ भिंतीला टेकून, बूड आणि पायांचे तळवे शहाबादी फरशीला लागतील असं गुडघे वर घेऊन बसा. डोळे अर्धे उघडे, नजर चार हातांवर खाली. बारा मिनिटांचा गजर.

सुरुवातीला दोन मिनिटं श्वास : मनात चार आकडे मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. बाहेरचा श्वास लांबला की हृदयाचे ठोके थोडे मंदावतात. ओढून-ताणून मोजू नका, चक्कर आल्यासारखं झालं तर मोजणं सोडा. मग पाच थांबे, प्रत्येकी दोन मिनिटं : तळवे, बैठक आणि मांड्या, पोट, हात, चेहरा. प्रत्येक थांब्यावर जे असेल त्याला एक शब्द द्यायचा. गार, ऊब, दाब, खाज, मुंग्या, ताण, ठोका, ओल. 'छान', 'बरं', 'काहीतरी होतंय' हे शब्द बाद, कारण त्यांनी शरीराचं काही कळत नाही, आपलं मत तेवढं कळतं. काहीच जाणवलं नाही तर 'काही नाही' हाही शब्दच आहे, तो द्या आणि पुढे जा. नेमका शब्द शोधताना लक्ष तिथं दोन सेकंद जास्त रेंगाळतं. सरावाचं गुपित म्हणाल तर तेवढंच.

तळव्यांशी एक खेळ करता येतो. डावी टाच आणि उजवी टाच, दोन्हींपैकी गार कुठली? दोन्ही सारख्याच वाटतात असं पहिल्या दिवशी म्हणाल. आठवड्याने फरक सांगाल. फरक शोधायला लावला की मेंदू जागा होतो, 'नीट लक्ष दे' म्हटल्याने होत नाही. शाळेत लेकरांचा अनुभव आहेच तुम्हाला.

पोटाच्या थांब्यावर जरा जास्त रेंगाळा. शाळेत स्वच्छतागृह धड नाही म्हणून दिवसभर लघवी धरून ठेवणाऱ्या शिक्षिका ओटीपोटाच्या तळाचे स्नायू न कळत आवळूनच वावरतात. पाणीही कमी पितात. सुटी झाली तरी ते स्नायू सुटत नाहीत. आवळलेल्या स्नायूत जाणीव कमी आणि दुखणं जास्त, मग ती पोटरी असो की योनीमार्गाभोवतीचा भाग. ओळखायचं असं : श्वास बाहेर सोडताना लघवी सुरू होण्याच्या क्षणी खाली जसं सैल सुटतं, तसं सोडून बघा. जोर लावून ढकलायचं नाही, नुसतं सोडायचं. पोट पुढे आलं तर येऊ द्या. 'अरे, हे आवळलेलं होतं!' असं वाटलं तर तुमच्या लाकडाचा एक मोठा तुकडा सापडला. जबडाही बघा. दात एकमेकांवर टेकलेले असतील तर जीभ टाळूपासून सोडा आणि जबडाही सैल होऊ द्या.

शरीराकडे असं लक्ष नेताना कधी जुनं काहीतरी वर येतं. रडू फुटतं, छाती धडधडते, एखादा नकोसा स्पर्श आठवतो. तसं झालं तर डोळे पूर्ण उघडा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, उठून पाणी प्या. त्या दिवशीचा सराव संपला. पुन्हा पुन्हा झालं तर एकटीने रेटू नका, मानसोपचारतज्ज्ञाला भेटा.

कुणी म्हणेल, ही तर विपश्यना. शरीरावरून लक्ष फिरवण्याची रीत मिळतीजुळती आहे, पण तिथं संवेदना पाहायची ती तिच्यात न गुंतण्यासाठी. आपल्याला इथं रमायचंय. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या शिबिरात जाऊन 'नवऱ्याचा स्पर्श गोड लागावा' अशी अपेक्षा ठेवली तर ते त्या शिबिरावर अन्याय होईल आणि नवऱ्यावरही.

तिसऱ्या आठवड्यात स्पर्श. आधी स्वतःचाच हात. केसांत लावायची यू-पिन घ्या, टोकं जवळजवळ तीन-चार मिलिमीटरवर आणा आणि डोळे मिटून बोटाच्या टोकावर हलकेच टेकवा. दोन टोकं वेगळी कळतील. तीच पिन पाठीवर मिस्टरांना टेकवायला सांगा. टोकं तीन सेंटिमीटर फाकवली तरी पाठीला ते एकच टोक वाटू शकतं. म्हणजे बोटाला बारकावा कळतो, पाठीला नाही. पण पाठ, दंड, हाताची केसाळ बाजू यांच्याकडे दुसरं काहीतरी आहे, जे तळहातावर जवळजवळ नाही : हळुवार कुरवाळण्याला दाद देणारे बारीक, संथ मज्जातंतू. स्वीडनमधल्या संशोधकांनी त्यांची नोंद माणसाच्या हातावर प्रत्यक्ष घेतली. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर या वेगाने, कातडीइतक्या उबदार वस्तूने कुरवाळलं तर ते जास्तीत जास्त चेततात, आणि त्याच वेगाला माणसं 'सुखाचं वाटलं' असंही सांगतात. साधारण तीन सेंटिमीटर धरा. कोपरापासून मनगटापर्यंत अंतर चोवीस-पंचवीस सेंटिमीटर. म्हणजे तेवढं अंतर जायला आठ सेकंद.

आठ सेकंद किती लांब असतात ते आत्ताच करून बघा. एक हजार एक, एक हजार दोन असं मोजत उजव्या हाताची चार बोटं डाव्या हातावरून न्या. निम्म्या वाटेतच हात पुढे पळायला बघेल. घरात नवरा-बायकोचा हात एकमेकांवरून फिरतो तो साधारण फरशी पुसायच्या वेगाने फिरतो, त्यात कुणाचा दोष नाही, दिवसभर हात तसेच चाललेले असतात. आणि फार हळू गेलात तर अंगावर मुंगी चालल्यासारखं होतं. हात गार असेल तर हे काहीच नीट होत नाही. आधी तळवे एकमेकांवर चोळा किंवा चहाच्या कपाभोवती धरा.

आता मिस्टर. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या सेंट लुईसच्या जोडीने १९७० मध्ये जोडप्यांसाठी जी पद्धत मांडली, तिचा पाया एका बंदीवर आहे : ठरलेले आठवडे संबंध ठेवायचा नाही. आपल्या ऐकणाऱ्यांना ही उलटी गंगा वाटते. पण तुम्ही लिहिलंय ना, ते जवळ आले की अंग लाकूड होतं? कारण प्रत्येक स्पर्श पुढच्या कशाची तरी सुरुवात असतो, आणि मनात परीक्षा सुरू होते : आता मला काही वाटेल का, वाटत नाही हे त्यांना कळेल का. मास्टर्स आणि जॉन्सन यांनी याला प्रेक्षकाची भूमिका म्हटलंय. आपणच छताला टांगून आपल्यावर पाळत ठेवायची. पुढे काही होणारच नाही हे दोघांनाही पक्कं माहीत असेल तर पाळत ठेवायला उरतं काय?

सांगायचं कसं? रात्री अंथरुणात नको, तिथं ते नकारासारखंच ऐकू जाईल. दुकान बंद असतं त्या दिवशी, दुपारी, चहावर. 'अहो, तुम्ही नकोसे झालात असं काही नाही. माझं अंगच बधिर झालंय, भाजीचं मीठसुद्धा कळत नाही. ते जागं करायला चार आठवडे एक गोष्ट करून बघायचीय, आणि तुमच्याशिवाय ती होणार नाही. त्या चार आठवड्यांत पुढचं काही करायचं नाही, एवढी एकच अट.' कारण, मुदत आणि त्यांचं काम, तिन्ही यात आलंय. पीकसल्ला देणाऱ्या माणसाला मात्रा आणि कालावधी सांगितला की पटतं. ते चिडले, जबरदस्ती करू लागले तर मात्र हे पान बाजूला ठेवा. त्यावर हा सराव नाही, महिलांसाठीची १८१ ही मदतवाहिनी आहे.

आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी पंधरा मिनिटं, मोबाइलवर गजर लावून मोबाइल पालथा. पहिला आठवडा : हात, बोटांपासून कोपरापर्यंत. एकजण घेणारा, एकजण देणारा, गजर झाला की अदलाबदल. दुसरा आठवडा : पाठ, मान, डोकं. तिसरा : पोटऱ्या, पावलं, पोट, चेहरा. छाती आणि जननेंद्रियं पहिले तीन आठवडे वर्ज्य. चौथ्या आठवड्यात तीही आली तरी इतर भागांसारखीच, त्याच वेगाने, जाता जाता, मुक्कामाला नाही.

देणाऱ्यासाठी नियम थोडा विचित्र वाटेल : समोरच्याला सुख द्यायला जायचं नाही. स्वतःच्या बोटांना काय लागतंय ते बघायचं. कातडी कुठे गार, कुठे लव, मनगटाशी हाड कुठे वर येतं, कोपराच्या आतल्या घडीत ऊब किती. सुख द्यायला निघालेला माणूस दर दहा सेकंदांनी 'बरं वाटतंय का?' विचारतो आणि घेणाऱ्याला उत्तरं देत बसावं लागतं. घेणाऱ्याला बोलायची मुभा तीनच शब्दांची : 'हळू', 'दाबून', 'थांबा'. शब्द नको असेल तर देणाऱ्याच्या हातावर आपला हात ठेवून दिशा आणि दाब दाखवायचा.

बिघडतं कुठे ते सांगते. गुदगुल्या होतात. बोटांच्या टोकांऐवजी पूर्ण तळवा टेकवून दाब वाढवा, आणि घेणाऱ्याने आपला हात वर ठेवावा. स्वतःच्या हालचालीचा अंदाज मेंदूला आधीच असतो म्हणून स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत, वर ठेवलेला हात तोच फायदा देतो. हात खरखरीत असतील, पोती उचलून घट्टे पडले असतील, तर बोटांची मागची बाजू वापरा. लक्ष डब्यांकडे जातं. जाणारच, पंधरा मिनिटांत वीस वेळा जाईल. गेलं हे कळलं की फिरत्या हाताची पुढची कड शोधा, आंघोळीच्या पाण्याची शोधता तशी. एकाच जागी हात फिरत राहिला की मिनिटाभरात काही कळेनासं होतं, ते जोडवं आठवा. हात उचला, तीन श्वास थांबा, दुसरीकडे ठेवा. आणि सगळ्यात हमखास बिघडतं ते दुसऱ्या आठवड्यात : अंग एकदम जागं होतं, दोघांनाही वाटतं झालं काम, आणि बंदी मोडते. त्या रात्री छान वाटेल. पण पुढच्या वेळी हात पाठीवर आला की पाळत परत सुरू. एकदा अट घातली की चार आठवडे पाळा.

तेलाचं. हाताला एक चहाचा चमचा पुरतो, पाठीला तीन. करडईचं किंवा तिळाचं घाण्याचं तेल चांगलं. खोबरेल २४ अंशांखाली गोठतं, तेव्हा डिसेंबरात वाटी अर्धा तास आधी गरम पाण्यात ठेवा, आणि आधी आपल्या मनगटावर थेंब टाकून बघा. जुनी चादर खाली टाका, तेलाचे डाग धुतले तरी वास धरून ठेवतात. पुढे संबंध सुरू कराल तेव्हा निरोध वापरत असाल तर तेल, तूप, व्हॅसलीन यांतलं काही चालत नाही. त्याने निरोधाचं रबर मिनिटांत कमजोर होऊन फाटू शकतं. औषधाच्या दुकानात पाण्यात विरघळणारं वंगण मिळतं, ते घ्या.

चार आठवड्यांनी पाठीवरचा हात गोड लागला पण पुढचं अजून नकोसं वाटत असेल तर चौथाच आठवडा आणखी दोनदा करा. उन्हाळ्यात, पारा बेचाळिसवर असताना, पंधराचं आठ मिनिटं करा आणि तेल टाळा. घामट अंगावर हात सरकत नाही, अडकतो. ओला पंचा फिरवून कूलरच्या झोतात बसलं तर गारव्याचं वेगळंच सुख आहे, ते घ्या.

घरातल्या माणसांचं : दुकानाच्या सुटीची दुपार धरा, सासूबाई वामकुक्षीला आणि लेकरं शिकवणीला गेल्यावर. कूलर चालू ठेवा, त्याच्या घरघरीत बाहेरचं आत येत नाही आणि आतलं बाहेर जात नाही. कडी लावा. कडी लावलेली नसेल तर अर्धं लक्ष दारातच राहतं. सासूबाईंनी विचारलंच की दुपारचं दार कशाला लावलं, तर सांगा, 'पाठ धरलीय, ह्यांच्याकडून तेल लावून घेत होते.' तेलाची वाटी हातात असतेच, खोटंही होत नाही. फक्त मग त्यांनी 'ये, मी लावते' म्हटलं तर काय करायचं, ते आधीच ठरवून ठेवा.